उपवास नको, दोन दिवसांचं ब्रह्मचर्य हवं



आजचं शीर्षक वाचूनच काहीजणी नाक मुरडतील, हे मला ठाऊक आहे. एरवी मी इथं चातुर्मासातल्या भाज्यांबद्दल, पाणी गाळण्याबद्दल, सुनांच्या आणि सासवांच्या कुरबुरींबद्दल लिहिते. आज पुरुषांच्या एका रक्ताच्या तपासणीबद्दल लिहिणार आहे. तिचं नाव पीएसए. प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका घ्यायची की नाही, हे ठरवण्यासाठी ती करतात. विषय पुरुषांचा असला तरी लिहिते बायकांसाठी, कारण आपल्या घरात कुणाचीही तपासणी असली तरी तिची तयारी आपणच करतो. रात्री लवकर जेवू घालणारी बाई, सकाळी चहा न देणारी बाई, रिपोर्ट पिशवीत ठेवणारी बाई. आणि माझं म्हणणं असं, की या एका तपासणीची तयारी आपण सगळ्याजणी चुकीची करतोय. चुकीची करतोय ती माहिती नाही म्हणून कमी, आणि लाजेपोटी जास्त.

आधी आमच्या घरचं सांगते.

पुण्याच्या लेकीनं पप्पांच्या अठ्ठावन्नाव्या वाढदिवसाला तपासण्यांचं एक पॅकेज भरलं. हल्ली लेकी कपडे देत नाहीत, पॅकेज देतात. इस्लामपुरात घरी येऊन रक्त नेणारा मुलगा सोमवारी सकाळी येणार, असं ठरलं. फोनवर एकच सूचना मिळाली: उपाशीपोटी राहा. मी ती सूचना आपल्या पद्धतीनं वाढवून घेतली. आमच्यात सूर्यास्तानंतर हे पाणीही घेत नाहीत. रविवारी संध्याकाळी सव्वासहाला जेवण झालं, आणि रक्त नेणारा मुलगा सोमवारी साडेनऊला उगवला. म्हणजे पंधरा तास पाण्याचा थेंब नाही. शीर सापडेना. दोनदा टोचलं. हे घामाघूम होऊन सोफ्यावर आडवे झाले. सासूबाई म्हणाल्या, "एक उपवास घडला, पुण्यच झालं."

दोन दिवसांनी मोबाइलवर रिपोर्ट आला. साखर ठीक, चरबी ठीक. पीएसए ६.८, आणि पुढं लाल बाण. लेकीनं तिकडं इंटरनेटवर वाचून रडायला सुरुवात केली. मी इकडं देवापुढं बसले. हे मात्र गप्प. तीन आठवडे घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. त्या दिवसांत मी मनातल्या मनात किती हिशेब केले! जमीन कुणाच्या नावावर, लेकीचं लग्न कसं, एफडीची मुदत कधी. ज्यांच्या घरी असा लाल बाण आलाय त्यांना हे सांगायला नको.

मग मिरजेला एका मूत्रविकाराच्या डॉक्टरांकडं गेलो. तरुण माणूस, पण शांत. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि चार प्रश्न विचारले. गेल्या महिना-दीड महिन्यात लघवीला जळजळ, ताप, संसर्ग? तपासणीच्या आधीच्या दोन दिवसांत सायकल किंवा जोराचा व्यायाम? आधीच्या दोन दिवसांत संबंध किंवा वीर्यपात? कोणती औषधं चालू आहेत, केसांची धरून?

सायकल तर रोजचीच. हे पहाटे पेठ नाक्यापर्यंत जाऊन येतात, आणि त्या रविवारी मित्रांबरोबर आणखी लांब गेले होते. तिसऱ्या प्रश्नाला ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग छताकडं पाहिलं आणि "नाही, नाही" म्हणाले. मीही मान खाली घातली. डॉक्टरांनी दोघांकडं पाहून फक्त एवढंच म्हटलं, "सहा आठवड्यांनी परत करू. या वेळी नीट तयारी करून."

येताना आष्ट्याला गाडी थांबवली. चहा घेता घेता हे म्हणाले, "अगं, मी खोटं बोललो." मी म्हटलं, "मला माहीत आहे. मी तिथंच तर होते." दोघंही हसलो आणि मग मला रडू आलं. पंचवीस-तीस वर्षं संसार केला, दोन लेकरं झाली, पण डॉक्टरांसमोर एक सरळ वाक्य आम्हाला बोलता आलं नाही. सहा आठवड्यांनी तपासणी झाली तेव्हा आकडा ३.४ आला. तीन आठवड्यांची झोप आम्ही कशापायी घालवली, ते आता तुम्हीच बघा.

माझ्या घरी आकडा उतरला म्हणून तुमच्याही घरी उतरेल, असं मी म्हणत नाही. नीट तयारी करूनही आकडा चढाच राहिला, तर पुढचं बघायलाच हवं. माझं भांडण वेगळं आहे.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्रनलिका तिच्या मधून जाते, म्हणून वय झाल्यावर ती फुगली की रात्री चार-चारदा उठावं लागतं. ही ग्रंथी एक प्रथिन तयार करते, जे वीर्य पातळ ठेवतं. त्यातलं थोडंसं रक्तात उतरतं. ते किती उतरलं, हे पीएसएची तपासणी मोजते. म्हणजे ही कॅन्सरची तपासणी नव्हेच. ही ग्रंथी किती डिवचली गेली आहे, याची तपासणी आहे. कॅन्सर डिवचतो, तसा संसर्गही डिवचतो. वयानुसार आलेली वाढ डिवचते. लघवीसाठी नळी घातली असेल तर ती डिवचते. वीर्यपातानं एक-दोन दिवस आकडा वर राहू शकतो. सायकलच्या बाबतीत अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, पण दोन दिवस टाळण्यात काही जात नाही, म्हणून इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवाही आपल्या लोकांना तेच सांगते: संसर्ग होऊन गेला असेल तर सहा आठवडे थांबा, ग्रंथीचा तुकडा तपासायला काढला असेल तरी सहा आठवडे थांबा, आणि दोन दिवस वीर्यपात नको, सायकलसारखा जोराचा व्यायाम नको.

त्या यादीत उपवास कुठंही नाही, मैत्रिणींनो. पीएसएसाठी पोट रिकामं लागत नाही. सकाळी पोहे खाऊन, चहा पिऊन गेलं तरी चालतं. उपाशीपोटी लागते ती साखर आणि चरबीची तपासणी. पॅकेजमध्ये सगळं एकत्र असतं म्हणून सगळ्यालाच उपवास लागतो असं आपण धरून चालतो. आणि त्या तपासण्यांनाही साधं पाणी चालतं. रात्री पाणी न घेण्याचा ज्यांचा नियम आहे त्यांनी तो जरूर पाळावा, पण मग सकाळी उजाडल्यावर पेलाभर पाणी पिऊन रक्त द्यावं आणि वेळ लवकरची घ्यावी. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन आहे, त्यांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं कोरडं ठेवूच नये. माझ्यासारखं "चला, एक उपवास घडला" म्हणून बसू नका. उपवास हे तप आहे. ते संकल्प करून, समजून उमजून करायचं. लॅबच्या मुलाला उशीर झाला म्हणून घडलेल्या उपासमारीला तप म्हणणं ही त्या तपाची थट्टा आहे.

आता मुद्द्यावर येते. जे खरोखर पाळायचं असतं ते कुणीच का सांगत नाही? लॅबच्या फोनवरची मुलगी सांगत नाही, कारण ती बावीस वर्षांची असते आणि पलीकडं अठ्ठावन्न वर्षांचे काका असतात. रक्त न्यायला आलेला मुलगा सांगत नाही, कारण समोर काकू उभ्या असतात. शिबिराच्या पत्रकावर छापत नाहीत, कारण पत्रक मंदिराच्या फळ्यावर लागणार असतं. मुलगी बापाला सांगू शकत नाही. बायको नवऱ्याला सांगत नाही, कारण हे तिलाही कुणी सांगितलेलं नसतं. असं करत करत एक साधं वाक्य सगळ्यांच्या ओठांवर अडकून राहतं, आणि मग त्याची किंमत लाल बाणानं मोजावी लागते.

आणि गंमत बघा. या वाक्यासाठी ज्या समाजाकडं सगळ्यात सभ्य, सगळ्यात जुना शब्द आहे, तो आपलाच समाज आहे. ब्रह्मचर्य. दशलक्षण पर्वात दहाव्या दिवशी, अनंत चतुर्दशीला, आपण कोणता धर्म ऐकतो? उत्तम ब्रह्मचर्य. मंदिरात आबालवृद्ध, बाया-बापे, पोरंटोरं एकत्र बसून त्यावर प्रवचन ऐकतात. कुणाच्या कानाला खटकत नाही. अष्टमी-चतुर्दशीला ब्रह्मचर्याचा नियम घेणारी जोडपी आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. महाराजांसमोर हात जोडून, नवरा-बायको शेजारी उभे राहून तो नियम घेतात. तिथं लाज वाटत नाही. आणि डॉक्टरांसमोर वाटते? जो शब्द प्रवचनात चालतो, तो पत्रकात का चालू नये? "तपासणीच्या आधी दोन दिवस ब्रह्मचर्य पाळावे." झालं. सहा शब्द. कुणाचंही तोंड लाल व्हायचं कारण नाही.

कुणी म्हणेल, धर्मातला शब्द लॅबच्या कामाला कशाला वापरता? ब्रह्मचर्य हे आत्म्याच्या कल्याणासाठी आहे, रक्ताच्या बाटलीसाठी नाही. मान्य. दोन दिवसांच्या संयमानं कुणाचं व्रत होत नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. पण शब्द हे सगळ्यांचे असतात. आणि तुम्हाला दुसरा शब्द सुचत असेल तर तो वापरा. मला एवढंच हवं आहे, की शब्द नाही ही सबब कुणी सांगू नये.

दुसरी एक सबब मी जास्त ऐकते. "अहो, असेल नशिबात ते होणार. कर्माचं फळ. तपासून काय टळतंय?" हे आपल्यातल्याच शहाण्या बायका म्हणतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. कर्मसिद्धान्त असा आळशी नाही. आपल्याकडं कर्माबरोबर पुरुषार्थही मानला आहे. पुरुषार्थ सोडून नुसतं नशिबावर बसणं याला आपल्या शास्त्रात श्रद्धा म्हटलेलं मी कुठं ऐकलं नाही. ऊस वाळायला लागल्यावर कर्म म्हणून बसतो का आपण? रात्री बारा वाजता लाईट आली तरी मोटर चालू करायला माणूस शेतात जातो. मग शरीराच्या बाबतीतच वैराग्य कुठून येतं?

माझे थोरले दीर असेच गेले. त्यांची गोष्ट आमच्या उलटी. त्यांना रात्री उठावं लागत होतं, ते वयाचं म्हणून सोडलं. कंबर दुखत होती, ती शेतकामाची म्हणून सोडली. लघवीतून एकदा रक्त गेलं, ते त्यांनी फक्त जाऊबाईंना सांगितलं आणि वर बजावलं, "कुणाला बोलू नको." जाऊबाईंनी शब्द पाळला. पाळायला नको होता. डॉक्टरांकडं गेले तेव्हा आजार हाडांत उतरला होता. नंतरची दोन वर्षं कशी गेली ते लिहीत नाही. जाऊबाई अजून म्हणतात, "मी त्यांचं ऐकलं." त्यावर काय बोलावं, हे मला आजही कळत नाही.

म्हणून सांगते, ही लाज दोन्हीकडून मारते. निरोगी माणसाला खोट्या आकड्यानं घाबरवते आणि आजारी माणसाला खऱ्या आजारासकट लपवून ठेवते.

ही लाज खेड्यातली, अडाण्यांची आहे असंही कुणी समजू नका. अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांना डिसेंबर २०२३ मध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर कळला. २२ डिसेंबरला शस्त्रक्रिया झाली. १ जानेवारीला त्रास वाढून परत दवाखान्यात भरती झाले. एवढ्या मोठ्या सैन्याचा कारभार बघणारा माणूस, पण आपल्या राष्ट्राध्यक्षालासुद्धा कॅन्सरचं सांगितलं नाही. ते बाहेर आलं ९ जानेवारीला. फेब्रुवारीत त्यांनी पत्रकारांसमोर चूक कबूल केली आणि माफी मागितली. ज्यांना सांगितलं नव्हतं ते तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनाच पुढं मे २०२५ मध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तोही हाडांत पसरलेला. लॉइड ऑस्टिन आणि माझे दीर, दोघांचं दुखणं एकच: कुणाला बोलू नको.

बोलल्यानं काय होतं, याचं उदाहरण परक्या देशात शोधायला नको. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ साली ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरत, लोकांशी बोलत, कोणती लक्षणं अंगावर काढू नयेत ते सांगत. मोठी यंत्रं नव्हती. नुसतं बोलणं. आणि काही वर्षांत दिसून आलं, की गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर असलेल्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात यायला लागल्या. विचार करा. त्या काळातल्या खेड्यातल्या बायका. अंगावरून जाण्याबद्दल सासूजवळही न बोलणाऱ्या. त्यांनी तोंड उघडलं. त्यांच्यापेक्षा जास्त शिकलेले, मोटारीतून फिरणारे आपले पुरुष तोंड उघडू शकत नाहीत? आणि त्यांचं तोंड उघडायला मदत करायला आपण लाजायचं?

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावते, म्हणजे कुणाला वाटायला नको की मी लॅबची जाहिरात करतेय. ही तपासणी पॅकेजमध्ये गुपचूप घालून द्यायची वस्तू नाही. आमच्या लेकीनं प्रेमानं केलं, पण ह्यांना विचारलं नाही. पीएसए वाढलेल्या दर चारांपैकी सुमारे तिघांना कॅन्सर नसतो, असं इंग्लंडची आरोग्यसेवा सांगते. उलट, आकडा चांगला असूनही काहींना कॅन्सर असतो. शिवाय प्रोस्टेटचे काही कॅन्सर इतके हळू वाढतात की माणूस दुसऱ्याच कारणानं, पूर्ण आयुष्य जगून जातो. असा कॅन्सर शोधून काढला, शस्त्रक्रिया केली, आणि मग लघवी राहत नाही, वैवाहिक आयुष्य संपलं, असं झालं तर फायदा काय? १९७० साली प्रोस्टेटच्या प्रथिनावर संशोधन करणारे रिचर्ड ॲब्लिन यांनीच २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सरसकट सगळ्यांची अशी तपासणी करण्याला विरोध केला.

फायदा नाहीच असंही नाही. युरोपात दीड लाखांहून जास्त पुरुषांचा तेवीस वर्षं पाठपुरावा केला. ज्यांना तपासणीला बोलावलं होतं, त्यांच्यात या कॅन्सरनं होणारे मृत्यू तेरा टक्क्यांनी कमी होते. पण एक मृत्यू टाळायला साडेचारशेच्या वर पुरुषांना बोलवावं लागलं. म्हणून अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या गटानं २०१८ साली सांगितलं, की ५५ ते ६९ या वयात प्रत्येकानं डॉक्टरांशी बोलून आपलं आपण ठरवावं, आणि सत्तरीनंतर ही तपासणी सरसकट करू नये. आपल्या सरकारच्या मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी आहे, प्रोस्टेटची नाही. म्हणजे हा निर्णय ज्याच्या त्याच्या घरात होणार. आणि घरातला निर्णय बोलल्याशिवाय कसा होईल? पहिली तयारी हीच: अहो, आकडा वाढला तर आपण पुढं काय करायचं, एमआरआय करायचा का, तुकडा काढायचा का, हे सुई टोचायच्या आधी दोघांनी बोलून घेणं. पंच्याऐंशी वर्षांच्या सासऱ्यांना, काही तक्रार नसताना, शिबिर फुकट आहे म्हणून रांगेत उभं करू नका. फुकटची सुईसुद्धा पुढं महाग पडते.

उलट, ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला आहे, त्यांनी पन्नाशीच्या आधीच, पंचेचाळिशीच्या सुमाराला डॉक्टरांशी बोलावं. आता आमचे दीर गेले ते याच आजारानं, म्हणजे ह्यांचं नाव या यादीत आलंच. हेसुद्धा पॅकेजवाल्यांनी विचारलं नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट, जी मला मिरजेत कळली आणि मी चक्रावले. काही घराण्यांत स्तनाचा आणि प्रोस्टेटचा कॅन्सर एकाच जनुकातल्या दोषातून येऊ शकतो. म्हणजे तुमच्या आईला, मावशीला, बहिणीला स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर ते तुमच्या भावाच्या आणि मुलाच्या कामाचं आहे. आपण बायका आपली दुखणी पदराखाली झाकतो आणि त्यात आपल्याच पोराला लागणारी माहिती झाकली जाते. एवढं जरी या लेखातून कुणाच्या लक्षात राहिलं तरी पुरे.

औषधांचंही सांगते, कारण ते आपल्याच डब्यात असतं. प्रोस्टेट वाढल्यावर देतात त्या फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडच्या गोळ्या काही महिने घेतल्या की पीएसएचा आकडा साधारण निम्म्यावर येतो. आजार निम्मा होत नाही, आकडा होतो. डॉक्टरांना गोळी माहीत असेल तर ते हिशेब धरतात. माहीत नसेल तर कमी आकडा बघून सगळेच खूश. टक्कल पडू नये म्हणून घेतात त्यातही कमी ताकदीचं फिनास्टेराइड असतं, आणि ते आपले पुरुष आपल्यापासूनही लपवतात. केसांसाठीच जास्त ताकदीचं बायोटिन घेत असतील तर तेही सांगावं. त्यानं काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ सालीच दिला आहे. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. सगळ्या पट्ट्या, चूर्णं, काढे पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता आणि ते सांगतील तसं करा.

तेव्हा आता मागणी करते, आणि नाव घेऊन कुणावर बोट न ठेवता सगळ्यांनाच करते. महावीर जयंतीला आपल्याकडं गावोगाव आरोग्य शिबिरं होतात. चांगलं काम आहे, आपली तरुण मुलं राबतात. पण त्या पत्रकावर "उपाशीपोटी यावे" एवढंच छापून थांबू नका. पीएसएची तपासणी ठेवणार असाल तर खाली आणखी पाच ओळी छापा.

यासाठी उपवासाची गरज नाही.
दोन दिवस आधीपासून ब्रह्मचर्य पाळावे.
दोन दिवस सायकल व जोराचा व्यायाम टाळावा.
लघवीचा संसर्ग झाला असल्यास सहा आठवडे थांबावे.
चालू औषधे व घरातील कॅन्सरचा इतिहास सांगावा.

पत्रक मंदिराच्या फळ्यावर लागलं तरी चालेल. तिथं लागलं तर जास्त बरं. आणि ज्या समितीतल्या काकांना ही दुसरी ओळ छापायला संकोच वाटेल, त्यांना अनंत चतुर्दशीच्या प्रवचनाला पहिल्या रांगेत बसवा.

घरात मात्र पत्रकाची वाट बघू नका. ते आपलं काम आहे. मी आता काय करते सांगते. ह्यांची पुढची तपासणी डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला आहे. कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल केला आहे आणि आधीच्या दोन दिवसांवर लाल पेननं "ब्र." लिहिलं आहे. सायकलीच्या चावीचं मी बघते. परवा सासूबाईंनी विचारलं, "हे ब्र. म्हणजे काय गं?" मी सरळ सांगितलं. त्या क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "थोरल्याच्या वेळेला असं कुणी बोललं असतं तर." आणि देवघरात निघून गेल्या.

हे लिहिताना कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. पण लिहिलेलं मागं घेणार नाही.

जय जिनेंद्र.